सुरंगीच्या चिंबोऱ्या

अहो, मृणाल येऊन गेली.

पुण्याच्या संस्थेतली ती तुमची संशोधक मॅडम, स्वतः गाडी चालवत आली होती. सिल्वासाच्या या डोकमर्डीत आता इतक्या नव्या बिल्डिंगी झाल्यात की तिला आपली सापडेना. शेवटी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला तिने विचारलं, "वो केकडेवाले काका कहाँ रहते थे?" आणि त्याने तिला बरोबर आपल्या दारात आणून सोडलं. बावीस वर्षं राहिलो आपण इथे. मी मराठी शाळेतली बाई, तुम्ही धाग्याच्या कारखान्यातले ऑपरेटर. ओळख मात्र शेवटी त्या खेकड्यांचीच राहिली.

तुम्ही जाऊन त्या दिवशी चौदा दिवस झाले होते. शिरपूरहून भावजी आले होते, ते सगळं उरकून आदल्या दिवशीच परतले होते. घरात मी एकटीच. मृणालने चहा घेतला आणि तुमच्या खुर्चीकडे न बघण्याचा प्रयत्न करत बसली. मग म्हणाली, "काकू, एक गोष्ट सांगू? काकांनी बजावून ठेवलं होतं, काकूंना कळता कामा नये म्हणून."

मी म्हटलं, "सांग गं. आता काय ते रागावणार आहेत?"

तेव्हा मला कळलं. तीन वर्षांपूर्वी, आषाढातल्या एका बुधवारी मोरीतल्या बादलीत ज्या चार चिंबोऱ्या होत्या आणि ज्यांचं मी कालवण केलं, त्या खाण्यासाठी आणलेल्याच नव्हत्या. त्यांच्यासाठी तुम्ही आणि मृणाल दोन पावसाळे सुरंगी गावाजवळच्या ओढ्यात वणवण करत होतात. दुसऱ्या दिवशी ती पुण्याहून येऊन त्या नेणार होती.

तिच्यासमोर मी "अगं बाई" एवढंच म्हणाले. कप उचलून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. आधी काय आठवलं सांगू? त्यातल्या एका चिंबोरीची नांगी चांगली भरलेली होती, ती मी मुद्दाम तुमच्या ताटात वाढली होती.

तुमचं ते काम मला नीटसं कधी कळलं नव्हतं, हे कबूल करते. परवा मृणालनेच समजावून सांगितलं. जगभरातले शास्त्रज्ञ एकेका सजीवाची जनुकं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढायला निघालेत. वाघ, गहू, मधमाशी असल्या मोठ्या मानकऱ्यांची आधी झाली. आता ज्यांना कुणी विचारत नाही त्यांचीही वाचतायत, कारण ओढे बुजतायत, डोंगर फुटतायत, आणि काही जीव वाचायच्या आधीच संपून जातील. आपल्या भागातली ही जांभळ्या पाठीची, शेंदरी नांग्यांची लहानशी चिंबोरी त्यांतलीच. पावसाळ्यात बाहेर दिसते, एरवी दगडांच्या कपारीत दडून बसते. तिची जनुकं वाचायची तर ती जिवंत हातात यायला हवी आणि तिथल्या तिथे गोठवायला हवी. मेल्यावर थोडा जरी वेळ गेला तरी आतले लांबलचक धागे तुटतात आणि हाती नुसते तुकडे येतात.

मृणाल सांगत होती, हे तिने तुम्हाला पहिल्यांदा ओढ्यावर सांगितलं तेव्हा तिला वाटलं होतं, कारखान्यातला माणूस, याला काय समजणार? तर तुम्ही लगेच म्हणालात, "म्हणजे आमच्यासारखंच की. धागा तुटला की माल रिजेक्ट." ती म्हणाली, एवढ्या कमी शब्दांत हे सांगणारा माणूस तिला तिच्या संस्थेतसुद्धा भेटला नव्हता.

आता त्या बुधवारचं सांगते. तुम्हाला ठाऊक आहे सगळं, पण माझ्या बाजूने तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही.

त्या वर्षी मे महिन्यात माझी आई गेली होती. आई होती तोवर कोकणातून वर्षातून दोनदा तरी कुणाच्या ना कुणाच्या हाती डबा यायचा. सुकट, कुळथाचं पीठ, आमसुलं. त्या पावसाळ्यात काही आलं नाही. येणार तरी कुठून? मी काही बोलले नव्हते, पण शाळेतून आले की उगाच दाराशी पिशवी दिसते का बघायचे.

त्या दिवशी दीड वाजता घरी आले. सकाळची शाळा होती. तुमची साप्ताहिक सुट्टी असूनही तुम्ही घरात नव्हतात, टेबलावर चिठ्ठी होती, "बदली माणूस आला नाही. कारखान्यात बोलावलंय. सहापर्यंत येतो." मोरीत पाय धुवायला गेले तर बादलीवर ओलं गोणपाट झाकलेलं आणि त्यावर पाट ठेवलेला. गोणपाट उचललं आणि आत चार चिंबोऱ्या. खळाखळा वाजत होत्या.

मला काय वाटलं असेल सांगा बरं! तुम्ही शिरपूरकडचे. तुमच्या घरी आजवर कुणी खेकडा खाल्लेला नाही. लग्नानंतर एकदा मी आणलेल्या तेव्हा तुम्ही "हे काय कोळी आणलेस घरात?" म्हणून गॅलरीत जाऊन बसला होता. आणि हा माणूस आज माझ्यासाठी सुरंगीपर्यंत जाऊन चिंबोऱ्या घेऊन आलाय! मला आईची आठवण येते हे न सांगता ओळखून घेऊन आलाय!

मी गाणं म्हणत होते हो. शेजारची विचारायला आली, काय आहे आज. ओलं खोबरं भाजलं, कांदा भाजला, वाटण पाट्यावर वाटलं, मिक्सरला हात लावला नाही. बारक्या नांग्या ठेचून त्यांचा रस काढून घातला, आई घालायची तसा. भात टाकला. एवढासा जीव, पण वास साऱ्या जिन्यात सुटला होता.

सहाला तुम्ही आलात. दारातच थांबलात. मी म्हटलं, "हातपाय धुऊन घ्या लवकर, गरम आहे तोवर बसू." तुम्ही मोरीत गेलात. बराच वेळ नळ चालू होता. मला वाटलं, कारखान्याचा तेलकटपणा निघत नसेल.

मग येऊन बसलात. मी वाढलं. तुम्ही ताटाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. मला म्हणायचं होतं, नको असेल तर राहू द्या, तुमच्यासाठी वरण करते. त्याच्या आतच तुम्ही भात कालवलात आणि पहिला घास घेतलात.

"कसं झालंय?"

"मस्त शे," तुम्ही म्हणालात. अहिराणी तुमच्या तोंडून फार क्वचित यायची, एकदम आनंद झाला की किंवा फार दुखलं की. मी आनंदाची धरली.

नांगी कशी फोडायची, मांस कसं ओढून काढायचं, मी शिकवलं. तुम्ही शिकलात. दोन चिंबोऱ्या माझ्या, दोन तुमच्या. पानात काही टाकलं नाहीत. मी आईच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या त्या दिवशी, आणि मोठ्याने सांगितल्या, तुम्हाला ऐकू यावं म्हणून. तुम्ही ऐकत होतात. जेवण झाल्यावर म्हणालात, "खाली जाऊन पान घेऊन येतो."

नुसत्या पानासाठी तुम्ही गेलाच नव्हतात. खाली उभे राहून मृणालला फोन केलात. "मॅडम, माफ करा. माझ्या हलगर्जीपणामुळे चारही निसटल्या. बादली नीट झाकली नाही." ती तुमच्यावर ओरडली होती, अहो. मला सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "मी काकांना म्हटलं होतं, एवढं साधं काम जमत नाही का तुम्हाला?" आणि तुम्ही म्हणालात, "चूक माझीच."

त्यानंतर तुम्ही वर आलात आणि माझ्यासाठी आणलेलं गोड पान माझ्या हातावर ठेवलंत.

मी तुमच्यावर रागावलेय. अजून. तुम्ही मला सांगायला हवं होतं. त्या दिवशी नाही, ठीक आहे. पण महिन्याने? वर्षाने? मी काय काचेची होते का? चूक माझी होती, ती कबूल करायचा हक्क माझा होता. तुम्ही माझी चूक घेऊन तिकडे शिव्या खाल्ल्यात आणि मला इथे अजाण ठेवलंत. नवऱ्याने बायकोला असं मोठेपणाने सांभाळावं, हे मला कधी आवडलेलं नाही, आणि यावरून आपलं आधीही भांडण झालेलं आहे. माझं प्रमोशन हुकलं तेव्हाही तुम्ही दोन दिवस ते पत्र लपवून ठेवलं होतंत.

आणि मी काय केलं? पुढच्या पावसाळ्यात तुमच्या मागे लागले. "गेल्या वर्षीसारख्या चिंबोऱ्या आणा की." दर बुधवारी. तुम्ही पिशवी घेऊन निघालात की मागून मोठ्याने ओरडायचे, "अहो, चिंबोऱ्या!" तुम्ही हात वर करायचे. संध्याकाळी रिकामे यायचे. "मिळत नाहीत आता." ते खरंच होतं. रस्त्याच्या कामाचा भराव ओढ्याच्या वरच्या अंगाला येऊन पडला होता आणि त्या अख्ख्या पावसाळ्यात तुम्हाला एकही दिसली नव्हती. मृणाल म्हणाली, त्या वर्षी तुम्ही तिला दोनदा विचारलं होतंत, "त्या चारच तर शिल्लक नव्हत्या ना, मॅडम?"

हा प्रश्न मनात घेऊन तुम्ही घरी येत होतात. आणि मी म्हणायचे, आज पण रिकामे आलात का?

बुधवार. आपलं सगळं भांडण त्या बुधवारात होतं. मला रविवारी सुट्टी, तुम्हाला बुधवारी. सगळ्या संसारात सणवार सोडले तर आपण दोघं एकत्र घरी असे किती दिवस असू? आपल्याला मूल झालं नाही. त्यामुळे रविवारी या घरात मी आणि पंखा. बुधवारी तुम्ही इथे एकटे बसायचे, मग फिरायला लागलात, मग सुरंगीचा ओढा सापडला. मी म्हणायचे, कधीतरी रविवारी रजा टाका. तुम्ही म्हणायचे, तू कधीतरी बुधवारी टाक. दोघांनीही टाकली नाही. वर्गाचं नुकसान होतं, पगार कापतात, ही कारणं होतीच. खरं कारण असं की दोघांनाही वाटत होतं, आधी दुसऱ्याने टाकावी.

त्यात तुमचे कान गेले. एका दिवसात नाही गेले. मशीनच्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहून थोडे थोडे गेले. आधी मी दोनदा सांगायचे, मग ओरडून सांगायचे, मग महत्त्वाचं तेवढंच सांगायला लागले. पाणी आलंय. गॅस संपलाय. दिवसभर वर्गात ओरडून घसा बसलेला असायचा, घरी परत ओरडायचा कंटाळा यायचा, हे खरं कारण. ओरडून प्रेमाचं काही बोलता येत नाही, अहो. सगळंच रागावल्यासारखं वाटतं. तुम्ही एकदा म्हणालात, "ओढ्यावर बरं वाटतं. तिथं ऐकू नाही आलं तरी कुणाचं अडत नाही." मला ते लागलं होतं. मी उत्तर दिलं नाही, आणि दिलं असतं तरी तुम्हाला ऐकू आलं नसतं, असं तेव्हा मनात म्हटलं. दुष्टपणा होता तो.

गेल्या वर्षी सापडल्या पुन्हा. त्या संध्याकाळी तुम्ही गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून आला होता आणि चेहरा असा की मला वाटलं लॉटरी लागली. मृणाल ते धूर निघणारं थंड पिंप घेऊन ओढ्यावरच आली होती. तुम्ही म्हणालात, "एकच घेतली. बाकीच्या सोडून दिल्या."

मी काय म्हटलं? "मग त्या घरी का नाही आणल्या?"

तुम्ही हसलात. खूप हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, भिंतीला टेकून. मला वाटलं, वेड लागलं या माणसाला. मृणाल म्हणाली, त्याच दिवशी दुपारी ओढ्यावर तुम्ही तिला खरं काय ते सांगितलं होतंत. आधी तिने डोक्याला हात लावला, मग तीही हसत सुटली, आणि मग तुम्ही तिच्याकडून वचन घेतलंत. सगळं काम पार पडलं होतं, कुणाचं काही बिघडलं नव्हतं, ओढ्यात चिंबोऱ्या होत्या. त्या दिवशी तुम्ही मलाही सांगू शकला असता. आपण तिघंही हसलो असतो.

वाचायला बरेच महिने लागतात म्हणे. थंडी संपता संपता तुमच्या फोनवर तिचा मेसेज आला, "काका, पूर्ण झालं." तुम्ही जिलेबी घेऊन आलात. मी पेपर तपासत होते. तुम्ही माझ्यासमोर उभे राहून सांगायला सुरुवात केलीत. मी मान वर न करता म्हटलं, "हो का, छान झालं. दूध वर येईल, बघा जरा." तुम्ही गेलात आणि दूध बंद केलंत. जिलेबी ताटलीत काढून माझ्या उजव्या हाताशी ठेवलीत, पेपरला पाक लागणार नाही अशी, जरा लांब.

ती ताटली मला फार सलते, अहो. ती किती बेताने ठेवली होतीत.

आणि मग हा भाद्रपद. बूट घालायला खाली वाकलात आणि वर आलाच नाहीत. खाली कंपनीची बस हॉर्न वाजवत होती. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून ड्रायव्हर नेहमीच जास्त वाजवायचा. त्या दिवशीही तो वाजवत राहिला.

काल बुधवार होता. मी रजा टाकली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, घ्या ना आठवडाभर." मी म्हटलं, "नको, बुधवारच हवाय."

सुरंगीला गेले. सिल्वासाहून शेअर रिक्षा मिळाली, शेवटचं चालत. तुमचा रस्ता मला ठाऊक नव्हता. विचारत विचारत गेले. ओढ्याच्या अलीकडे एक झोपडी आहे, बाहेर दुधीचा वेल. तिथली बाई अंगणात नागलीचं काहीतरी निवडत होती. मी विचारलं, "इथे एक माणूस यायचा, बुधवारी..."

"रघुभाई!" ती म्हणाली. "तू त्याची बायको? शाळावाली?"

मी मान हलवली. तिचं नाव रमिलाबेन. तुम्ही तिच्याबद्दल कधी सांगितलं होतं का? सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल. ती उठली, खाट झाडली, मला बसवलं. पाणी दिलं. म्हणाली, "तीन बुधवार झाले, नाय आला. बिमार हाय का?"

अहो, डोकमर्डीत सगळ्यांना आपोआप कळलं होतं. शाळेत, कारखान्यात, शिरपूरला. कुणीतरी कुणाला सांगितलं. मला स्वतःच्या तोंडाने हे कुणालाच सांगावं लागलं नव्हतं. तिथे त्या खाटेवर मला पहिल्यांदा ते वाक्य म्हणावं लागलं.

"ते गेले."

तिने निवडायचं सूप बाजूला ठेवलं. मग माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "रडलीस का?"

"नाही."

"घरात नाय रडता येत. भिंती ऐकतात. चल."

तिने मला ओढ्यावर नेलं. तुम्ही ज्या दगडावर बसायचे तो दाखवला आणि मला बसवून स्वतः लांब जाऊन उभी राहिली, पाठ करून. मी रडले. वर्गात ओरडते त्याहून मोठ्याने रडले. पाण्याचा आवाज होता, त्यात ते सगळं वाहून गेलं. किती वेळ ते सांगता येणार नाही.

मग ती आली आणि शेजारी बसली. समोरच्या कपारीतून एक चिंबोरी बाहेर आली, पाठ जांभळी, नांग्या शेंदरी. खाली पोटाशी गच्च काहीतरी धरलेलं. रमिलाबेन म्हणाली, "पिल्लं हायत तिच्याकडं. मोठी होईपर्यंत सोडत नाय." आम्ही हललो नाही. ती दगडाच्या कडेने सरकत सरकत पलीकडे गेली.

"त्याचं काम अर्धं राह्यलं?" रमिलाबेनने विचारलं.

"नाही. झालं पूर्ण. तिचं सगळं वाचून झालं."

"सगळं?"

"सगळं. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

तिने सरळ माझ्याकडे वळून विचारलं, "मग काय लिव्हलेलं होतं त्यात?"

ती वाट बघत होती. शिकलेली बाई आहे, शाळेत शिकवते, त्याची बायको आहे, हिला ठाऊक असणार, अशी.

मी म्हटलं, "मी त्यांना कधी विचारलंच नाही."